मनीषाचे पंचवीस टक्के

अण्णा,

तुमची शोकसभा छान झाली. म्हणजे अशा सभा जितक्या छान होतात तितकी. सभागृह अर्धं भरलं होतं, पंखे चालू होते, आणि तुमच्या फोटोला पहिला हार आमच्या मुख्याध्यापकांनी घातला. हो, तेच ते, ज्यांनी शाळेच्या फाटकावर तुम्हाला 'कोर्टाचा गडी' म्हटलं होतं. आता ते निवृत्त होऊन संस्थेच्या कार्यकारिणीवर गेले आहेत, केस रंगवतात आणि बोलताना दोन्ही हात पोटावर ठेवतात. 'बागूल अण्णा आणि मी, आम्ही दोघं या उपेक्षित मुलांसाठी खांद्याला खांदा लावून लढलो,' असं ते म्हणाले. माझ्या शेजारी मनीषाची आई बसली होती. 'बाई, हे कवा लढले?' तिनं विचारलं, आणि तेही हळू आवाजात नाही. पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. त्या दिवसात मला आलेलं तेवढंच हसू.

त्यानंतर शिक्षण खात्यातले एक साहेब बोलले. त्यांनी सांगितलं की तुमच्या घरात एक अपंग मूल होतं आणि त्या वेदनेतून तुमचं कार्य उभं राहिलं. तुमची दोन्ही मुलं पहिल्या रांगेत बसली होती, धडधाकट, त्यातला एक तर शाळेत असताना कबड्डीच्या संघात होता. तो बिचारा स्वतःकडेच बघायला लागला. या लोकांना वेदनेशिवाय कुणी काही करतं हे पटतच नाही. स्वतः ते वेदना असूनही काही करत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

तुम्हाला जाऊन तीन आठवडे झाले. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. मला जे बोलायचं होतं त्यात मुख्याध्यापकांपेक्षा माझीच अब्रू जास्त गेली असती. ते फक्त तुम्हाला सांगण्यासारखं आहे, आणि तुम्ही असताना मी ते सांगितलं नाही.

तुमच्या शनिवारच्या वर्गात मी पहिल्यांदा आले ती हेर म्हणून, हे तुम्हाला माहीत होतं. सत्त्याण्णव साल असेल. पंचवटीतल्या समाजमंदिरात दर शनिवारी दुपारी एक रिटायर झालेला बेलीफ अपंग मुलांच्या पालकांना गोळा करून कायदा शिकवतो, ही बातमी आमच्या मुख्याध्यापकांना लागली होती. 'सोनवणे बाई, जरा जाऊन बघा, काय भडकवतोय तो,' असं त्यांनी मला सांगितलं आणि मी गेले. मुकाट गेले. तेव्हा मला माझ्या नोकरीचं इतकं वाटायचं की त्यांनी गोदावरीत उभं राहायला सांगितलं असतं तर मी फक्त किती पाण्यात एवढंच विचारलं असतं.

सतरंजीवर वीसेक माणसं होती. फूलबाजारातल्या बाया, एक रिक्षावाला, देवळाली कॅम्पातून आलेले एक सुभेदार, दोन भेदरलेल्या शिक्षिका. तुम्ही मध्ये, पांढरा शर्ट, कापडी पिशवी. मला बघितल्यावर तुम्ही नाव विचारलं, शाळा विचारली, चहा दिलात आणि म्हणालात, 'बाई, शाळेत जाऊन सांगताना हेही सांगा की चहा बरा होता.' सगळे हसले. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं, आणि तरी मी चहा प्यायले. चहा बरा नव्हता, अण्णा. साखर फार होती.

त्या दिवशी तुम्ही नाटक बसवत होतात. तुमची ती पद्धतच होती. एकानं मुख्याध्यापक व्हायचं, एकानं अर्ज घेऊन जायचं. मुख्याध्यापक होणाऱ्याला तुम्ही तुमच्या वहीतली वाक्यं द्यायचात, खऱ्या शाळांतून गोळा केलेली. 'आमच्याकडे तशी सोय नाही.' 'मी तुमच्या मुलाच्याच भल्यासाठी सांगतोय.' 'माझं काही नाही हो, बाकीचे पालक तक्रार करतात.' 'वरून पत्र आलेलं नाही.' रिक्षावाला मुख्याध्यापक झाला होता आणि इतका हुबेहूब झाला की मला घाम फुटला. अर्ज देणारी बाई गडबडून परत फिरायला लागली की तुम्ही ओरडायचात, 'पोच! पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही!' अर्जाच्या दोन प्रती, एक त्यांना, दुसरीवर शिक्का, सही, तारीख. तुमचा सगळा कायदा त्या एका शिक्क्यावर उभा होता. तुम्ही म्हणायचात, शाळा कधीही लेखी नाही म्हणत नाही. तोंडानं हाकलते. तोंडाच्या नकारावर कुठल्याच कोर्टात काही करता येत नाही. म्हणून आधी त्यांना लिहायला लावा, काहीही लिहू दे.

मी विचारलं होतं, तुम्ही हे का करता? आयुष्यभर लोकांच्या दारात समन्स घेऊन गेलेला माणूस. तुम्ही म्हणालात, 'कायदा होऊन दोन वर्षं झाली, बाई. अजून कुणालाच बजावलेला नाही. मला ते बघवत नाही.' एवढंच. त्या खात्यातल्या साहेबांना हे सांगितलं असतं तर त्यांना ते भाषणात घालण्याइतकं हृद्य वाटलं नसतं.

मी शाळेत परत जाऊन सांगितलं की काही विशेष नाही, भजनी मंडळासारखं आहे. त्यानंतर दर शनिवारी येत राहिले.

तुमचं नि माझं भांडण पहिल्यापासूनच होतं. तुम्हाला तो पंचाण्णवचा अपंगांचा कायदा पवित्र वाटायचा, मला तो बुळा वाटायचा. अठरा वर्षांपर्यंत प्रत्येक अपंग मुलाला मोफत आणि योग्य वातावरणात शिक्षण, हे वाचताना तुमचा आवाज भरून यायचा. पुढच्याच ओळीत सरकार साध्या शाळेत सामावून घेण्यासाठी 'प्रयत्न करील' असं होतं, आणि मी म्हणायचे, अण्णा, प्रयत्न तर आमचे मुख्याध्यापकही करतात, सकाळी वेळेवर येण्याचा. तुम्ही रागवायचात. मग ती चाळीस टक्क्यांची अट. अपंगत्व चाळीस टक्के असेल तर तुम्ही कायद्यात, एकोणचाळीस असेल तर घरी. मी म्हटलं, मुलांना टक्क्यांत मोजणाऱ्यांनी कायदा लिहिलाय, आम्ही मास्तर लोक निदान वर्षातून दोनदाच मोजतो.

आणि आमचे मास्तर लोक तरी काय! तुम्ही हौसेनं शिक्षकांची एक वेगळी सभा घेतली होती. चाळीसेक आले. तुम्ही दीड तास जीव तोडून बोललात, प्रत्येक गोष्ट त्यांच्या वर्गातल्या उदाहरणानं समजावलीत. शेवटी 'काही प्रश्न?' असं विचारलंत. एकानं विचारलं की या सभेची ऑन ड्यूटी मिळेल का. दुसऱ्यानं विचारलं की हे सगळं आम्ही करायचं तर जनगणना कोण करणार. तिसऱ्या बाई म्हणाल्या, तुमचं सगळं पटलं, पण परिपत्रक कुठं आहे? तुम्ही म्हणालात, हा कायदा आहे, बाई, परिपत्रकाच्या वरचा. त्यावर त्या म्हणाल्या, 'ते खरं, पण परिपत्रक असलं म्हणजे बरं असतं.' तुम्ही परत जाताना हसत होतात. मला मात्र माझ्या जातभाईंची शिसारी आली होती, आणि शिसारी येण्याइतकी मी त्यांच्याहून वेगळी नव्हते.

मनीषा त्याच वर्षी माझ्या पाचवीच्या वर्गात आली. मखमलाबादकडच्या मळ्यात तिच्या घरचे झेंडू, शेवंती करायचे आणि आई पंचवटीच्या फूलबाजारात विकायची. मनीषाला अक्षरं ओळखायची तर काल ओळखलेलं आज नवीन असायचं. पण बोलायला! सकाळी वर्गात शिरल्यापासून तोंड बंद नाही. आज बाजारात कोण आलं, कुणाची म्हैस व्याली, कुठलं गिऱ्हाईक कसं खोडसाळ. बाकीच्या मुली तिच्याभोवती गोळा व्हायच्या. 'पोरीला लय समजतं हो बाई,' तिची आई म्हणायची, 'फक्त कागदावर उतरत नाय.' इतकं नेमकं निदान मी नंतर कुठल्या डॉक्टरकडून ऐकलं नाही.

मुख्याध्यापकांना ती नको होती. शाळेचा निकाल तिच्यामुळे खाली येणार होता. त्यांनी तिच्या आईला बोलावून आपल्या मधाळ आवाजात सांगितलं की या मुलीसाठी दुसरी शाळा बघा. दुसरी म्हणजे कुठली, ते सांगितलं नाही. मी तिला तुमच्याकडे घेऊन आले. तुम्ही अर्ज लिहून दिलात. शाळेच्या कारकुनाला सक्त ताकीद होती की शिक्का मारायचा नाही, त्यामुळे तुम्ही स्वतः फाटकावर आलात, आणि 'कोर्टाचा गडी' ऐकून घेतलंत. दुसऱ्या दिवशी तोच अर्ज पोचपावतीसह रजिस्टर पोस्टानं पाठवलात. बेलीफच तुम्ही. कागद न घेणारी माणसं तुम्ही तीस वर्षं पाहिली होती.

दोन आठवड्यांनी शाळेचं उत्तर आलं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र सादर केल्यास नियमानुसार विचार करण्यात येईल. मला ते टोलवाटोलवीचं पत्र वाटलं. तुम्ही मात्र ते समाजमंदिरात सगळ्यांना वाचून दाखवलंत आणि पेढे आणलेत. 'लिहिलं त्यांनी! लिहिलं!' तुम्ही म्हणत होतात. आता फक्त सरकारी दवाखान्यात दर बुधवारी बसणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे तिला न्यायचं आणि प्रमाणपत्र घ्यायचं, की पाचवीतून तिला कुणी हलवू शकणार नव्हतं. परीक्षेत सवलती मिळणार होत्या, पास-नापासाचा बडगा जाणार होता. बोर्डाची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली.

आता माझा पराक्रम. ते दोन महिने मी तिला रोज शाळा सुटल्यावर घेऊन बसायचे. का? कारण मोठे डॉक्टर तपासणार होते आणि माझी विद्यार्थिनी त्यांच्यापुढे ठोंब्यासारखी उभी राहिलेली मला चालणार नव्हती. मी तिच्याकडून वार पाठ करून घेतले, महिने घेतले, रंग, नाणी, उजवं-डावं. झेंडूची फुलं मांडून बेरजा घेतल्या आणि फुलांवर तिला त्या आल्याही. मला काय आनंद झाला होता. तिच्या आईनं नवा फ्रॉक घेतला, डोक्याला तेल लावून दोन वेण्या घातल्या. तुम्हीसुद्धा काही म्हणाला नाहीत. उलट साहेबांपुढे जाताना नीटनेटकं जावं, असंच तुमचं मत होतं. कोर्टातली सवय. आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण तिला नेमक्या कशासाठी नेतो आहोत.

बोर्डाच्या दिवशी मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते. एकेक उत्तर बरोबर येत होतं. डॉक्टरांनी विचारलं नाही तेही ती सांगत होती, त्यांच्या टेबलावरची फुलं शिळी आहेत हे सुद्धा. मी अभिमानानं फुगले होते. प्रमाणपत्र आलं, पंचवीस टक्के.

मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावून हात जोडले. 'अभिनंदन, बाई. तुमची विद्यार्थिनी नॉर्मल आहे. सरकारनंच लिहून दिलं. आता नॉर्मल मुलीसारखी पास होऊ द्या.' त्या वर्षी ती नापास झाली. कागदावर उतरलंच नाही काही. मग त्यांनी सांगितलं की अजून एकदा नापास झाली की शाळा सोडल्याचा दाखला हातात देणार, आणि या वेळी ते लेखी द्यायलाही तयार होते. त्यांचा तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. त्याच चेहऱ्यानं परवा त्यांनी तुम्हाला हार घातला.

तुम्ही म्हणालात, पुन्हा तपासणीचा अर्ज करू. दुसरं बोर्ड, दुसरे डॉक्टर. आणि मग, इकडे तिकडे बघत, तुमच्यासारख्या माणसाला शोभणार नाही अशा आवाजात म्हणालात, 'या वेळी तिला सांगू, काही बोलू नकोस म्हणून.'

काय भांडले मी तुमच्याशी! समाजमंदिराच्या पायरीवर, येणारे-जाणारे बघताहेत. मी म्हटलं, दोन महिने खपून मी तिला बोलायला शिकवलं, आता मुकी व्हायला शिकवू? कायद्याच्या देवघरात बसून तुम्ही मला खोटं बोलायला सांगता? तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, 'बाई, तुमचा अभिमान मोठा की तिची शाळा?' मी म्हटलं, माझी तत्त्वं. तुम्ही म्हणालात, 'तेच म्हणतोय मी.' त्यानंतर मी दीडएक वर्ष शनिवारी आले नाही. तुम्ही तिला आणि तिच्या आईला घेऊन स्वतः गेलात. डॉक्टरांनी पंचवीसेक प्रश्न विचारले आणि मनीषा गप्प बसली. पन्नास टक्के मिळाले. प्रमाणपत्राची प्रत, अर्ज, पोच, सगळं रीतसर झालं, आणि मुख्याध्यापकांना ती ठेवून घ्यावी लागली. ती आमच्या शाळेत दहावीपर्यंत होती, अण्णा. तुमच्यामुळे होती. मी तत्त्वं सांभाळत बसले असते तर ती सहावीत सुद्धा गेली नसती. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. आता म्हणते. तुमचं बरोबर होतं.

पण एक गोष्ट तुम्हाला शेवटपर्यंत कळली नाही, कारण मी कळू दिली नाही.

सहावीत असताना शाळा तपासणीला साहेब आले. वर्गात फिरताना मनीषाजवळ थांबून त्यांनी सहज विचारलं, 'काय गं, नाव काय तुझं?' मनीषा गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. ती खाली बघत राहिली. जी पोरगी दारातून आत येताच गावभरच्या बातम्या सांगायची, ती आपलं नाव सांगेना. मुख्याध्यापक मागे उभे होते, ते साहेबांना म्हणाले, 'हे बघा, अशा मुलांत काही नसतं हो, पण आम्ही सामावून घेतो.' साहेब गेले आणि मी तिला व्हरांड्यात घेऊन विचारलं, काय झालं तुला? ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, 'अण्णांनी सांगितलंय. साहेब असला का बोलायचं नाय.'

मी म्हटलं, अगं, ते त्या एका दिवसापुरतं होतं. ती म्हणाली, 'अण्णांनी तसं नाय सांगितलं.' मी समजावलं, रागावले, गोड बोलले. तिचं एकच. 'अण्णा सांगतील तवा बोलेन.' तुम्ही तिची शाळा वाचवली होतीत. तिच्या दृष्टीनं तुमच्या शब्दापुढे माझा शब्द म्हणजे काहीच नव्हता, आणि तिचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही.

मला एवढंच करायचं होतं. तुमच्याकडे यायचं आणि सांगायचं, अण्णा, पोरीला एकदा सांगा की आता बोल. पाच मिनिटांचं काम. पण आपलं भांडण चालू होतं ना. मी हे हातात धरून ठेवलं. एक दिवस तुमच्या तोंडावर फेकायचं, बघा तुमच्या हुशारीनं काय केलं, असं मी मनात घोळवायचे. भांडण मिटलं, मी पुन्हा शनिवारी यायला लागले, तरी ते मी बाहेर काढलं नाही. आधी रागानं नाही, मग संकोचानं नाही, मग इतका उशीर झाला होता की सांगायला गेले असते तर तुम्ही पहिला प्रश्न हाच विचारला असता, बाई, इतके दिवस का नाही सांगितलंत? आमचे मुख्याध्यापक निदान तोंडानं तरी हाकलायचे. मी तर तोंडच उघडलं नाही.

दरवर्षी नवे पालक आले की तुम्ही मनीषाची गोष्ट सांगायचात. पंचवीसचे पन्नास कसे केले, शाळेला कसं झुकवलं. सगळे टाळ्या वाजवायचे. मी सतरंजीवर बसून तुमच्या वहीची पानं बघत राहायचे. मनीषाही तुम्हाला फूलबाजारात भेटायची. तुमच्याशी भरभरून बोलायची, त्यामुळे तुम्हाला कधी संशय आला नाही. ती तुम्हाला त्याबद्दल विचारायची नाही, कारण तिला वाटायचं तुम्हाला माहीतच आहे. आता ती एकवीस वर्षांची आहे. आईच्या शेजारी बसून हार करते, दिवसभर गिऱ्हाइकांशी गप्पा मारते. पण बँकेत गेली की गप्प. रेशनच्या ऑफिसात गप्प. दवाखान्यात पोटात दुखतंय हे सुद्धा आई सांगते. टेबलामागे बसलेला कुणीही तिच्यासाठी साहेबच आहे.

तुमच्या शेवटच्या आजारात मी ठरवून आले होते. तुम्हाला घरी आणलं होतं, खिडकीजवळ खाट होती. पक्षाघातानं जीभ जड झाली होती, तरी तुम्ही प्रयत्न करत होतात. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, 'म...नीषा?' मी म्हटलं, मजेत आहे. तुम्ही डोळे मिटलेत, समाधानानं. मी तिला रिक्षात घालून तेव्हाच आणू शकले असते. तुमच्याकडून एक शब्द निघाला असता तरी तिला तो पुरला असता. मी उठून घरी गेले आणि उद्या बघू म्हटलं. उद्या तुम्ही नव्हतात.

मला तुमचा राग येतो, अण्णा. कायद्यातलं एक अक्षर तुम्ही कधी विसरला नाहीत आणि एका लहान मुलीला अर्धंच वाक्य सांगून घरी आलात. आणि स्वतःचा जो राग येतो त्याला तर मी नावही देऊ शकत नाही. सभेत मनीषा तुमच्या फोटोसमोर उभी राहिली तेव्हा खात्यातले साहेब तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, 'काय बेटा, अण्णांबद्दल बोलणार का दोन शब्द?' तिनं मान खाली घातली. साहेब गहिवरले. त्यांना वाटलं, दुःखानं शब्द फुटत नाहीत.

गेल्या शनिवारी मी समाजमंदिर उघडलं. कुणी येईल असं वाटलं नव्हतं. देवळाली कॅम्पातून एक बाई आल्या, नवरा मिलिटरीवाल्यांचे युनिफॉर्म शिवतो. सोबत शबाना, नऊ वर्षांची. मनीषासारखीच. वर्गात काही उतरत नाही आणि तोंड क्षणभर बंद नाही. आल्या आल्या तिनं मला सांगितलं की माझ्या पदराला शाई लागली आहे आणि भिंतीवर पाल आहे. शाळेनं लिहून दिलं होतं, प्रमाणपत्र आणा. तुमची शिकवण, पोच घेतली होती. 'बाई, बुधवारी बोर्ड हाय,' शबानाची आई म्हणाली. 'सब लोग बोलतात तुम्हाला विचारा. इसको क्या सिखाऊँ? काय बोलायला सांगू?'

मी दहा वर्षं तुम्हाला ज्यासाठी दोषी धरलं, ते मी शबानाला खाली बसवून सांगितलं. डॉक्टरसाहेब विचारतील त्याचं उत्तर द्यायचं नाही. माझा आवाज तुमच्या त्या दिवशीच्या आवाजासारखाच आला, इकडे तिकडे बघत. मला माझीच लाज वाटली, पण एक कायदा चाळीस टक्क्यांखाली तिला ओळखत नव्हता आणि मला तिची शाळा हवी होती. मग मी तिचे दोन्ही हात धरले आणि पुढचं सांगितलं. मी बाहेर बाकावर बसलेली असेन. तू दारातून बाहेर आलीस की संपलं. मग कुणाशीही बोलायचं, साहेब असो, डॉक्टर असो, कुणीही असो. हे मी तिच्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं. तिच्या आईकडूनही.

बुधवारी मी रजा काढून गेले. वीस मिनिटं दार बंद होतं आणि आतून तिचा आवाज आला नाही. मी बाकावर बसून माझी नखं खाल्ली. दार उघडलं. शबाना बाहेर आली, ओठ घट्ट मिटलेले, सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

'आता?' तिनं विचारलं.

'आता,' मी म्हटलं.

आणि ती जी सुरू झाली ती कॅम्पची बस येईपर्यंत थांबली नाही. डॉक्टरांचा चष्मा, भिंतीवरचा तक्ता, प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर, सगळं सांगितलं, जाताना वॉर्डबॉयला हाक मारून त्यालाही सांगितलं. अण्णा, मनीषाला त्या दिवशी एवढंच सांगायचं राहिलं होतं. आणि तुम्हाला मी ते आज सांगते आहे.